इस्त्री न लागणारा शर्ट

फुंकरकाकांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळ्या चाचणी केंद्रात, गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत, ते फुंकरकाका. कारण त्यांचं कामच फुंकर घालण्याचं.

त्या केंद्रात रॉकेटच्या इंजिनाला लागणारे पंप आणि व्हॉल्व्ह तपासत. त्यासाठी पाइपातून हायड्रोजन सोडावा लागे, आणि हायड्रोजनसारखा लबाड पाहुणा दुसरा नाही. त्याला ना रंग ना वास. जिथून पाण्याचा थेंब झिरपणार नाही तिथून हा पठ्ठ्या आरामात निसटतो. हवेत मिसळला की पेटायला त्याला निमित्तच हवं असतं. थंडीत स्वेटर काढताना अंगावर चट् होतं ना, तेवढंही पुरतं. आणि कहर म्हणजे भर उन्हात पेटला तर ज्वाला दिसतसुद्धा नाही. म्हणून हायड्रोजन सोडण्याआधी पाइपातली सगळी हवा नायट्रोजनने हुसकून लावायची, आणि चाचणी झाली की उरलासुरला हायड्रोजनही नायट्रोजननेच बाहेर काढायचा. थोडक्यात, हवा आणि हायड्रोजन यांची आत गाठ पडू द्यायची नाही. फुंकरकाकांचं उभं आयुष्य अशी दोघांची गाठ पडू न देण्यात गेलं होतं, आणि त्यात ते वाकबगार होते.

पाइपाचा मुख्य रस्ता कोणीही साफ करील. पण एखाद्या मापकाकडे जाणारा फाटा पुढे बंद असतो. त्या आंधळ्या गल्लीत जुनी हवा दडी मारून बसते, आणि तुम्ही कितीही फुंका, ती हलत नाही. काका तिथे नायट्रोजन भरून दाब वाढवत, मग सोडून देत, पुन्हा भरत, पुन्हा सोडत. मापकावर आकडा बरोबर आला तरी त्यांचं समाधान होत नसे. आणखी एकदा, असं स्वतःशी म्हणून ते पुन्हा भरत. चाचणीनंतर लांब दांड्याचा गवती झाडू पुढे धरून ते पाइपांच्या सगळ्या लाइनीभोवती हळूहळू फेरी मारत. कुठे न दिसणारी ज्वाला असेलच तर आधी झाडू पेटावा, काका नव्हे, हा हेतू. कॅमेरे आले, गळती हुंगणारी यंत्रं आली, पण काकांनी झाडू सोडला नाही. एवढ्या वर्षांत तो एकदाही पेटला नव्हता, याचा त्यांना कोण अभिमान.

घरी त्यांची बायको हयात असेपर्यंत रोज संध्याकाळी विचारायची, "काय झालं आज?" काका चपला काढत सांगायचे, "काही नाही." ती म्हणायची, "मग छान." तिच्या मागे हा प्रश्न मुलीने उचलला. मुलगी आणि जावई वरच्याच मजल्यावर राहत. मुलगी संध्याकाळी खाली डोकावून विचारायची आणि काका तेच उत्तर द्यायचे. दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते उत्तर कंटाळवाणं वाटलं असतं. काका ते असं सांगत, जसं कोणी शर्यत जिंकल्याचं सांगावं.

त्यांच्या कडक नियमांचा घरच्यांनाही त्रास होताच. घरात नायलॉनला मज्जाव. पडदे सुती, चादरी सुती, मोजे सुती, आणि त्यापायी घरातली इस्त्री सदान्‌कदा गरम. लग्नानंतर जावई पहिल्यांदा राहायला आला तेव्हा काकांनी दारातच त्याची कॉलर दोन बोटांत धरून कापड चाचपून पाहिलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, सासरेबुवा मानगूट धरतायत.

केंद्रात तर ही चाचपणी रोजचीच. आतल्या शेडच्या दारापाशी काका उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाची कॉलर, बाही, मोजे तपासत. वरून केंद्राचा सुती डगला असला तरी आतलं कापडही सुतीच हवं. मग भिंतीवरच्या पितळी पट्टीला तळहात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते, आणि मग आत. एकदा खुद्द मोठ्या साहेबांना काकांनी मोज्यांवरून परत पाठवलं होतं. साहेब अनवाणी पायांत केंद्राचे बूट घालून आले आणि तक्रार न करता पट्टीला हात लावून आत गेले. मात्र काकांची कॉलर कोण तपासणार, हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई कंट्रोल रूममध्ये माइकवर बसत. चाचणीच्या प्रत्येक पायरीचा हुकूम त्यांच्या आवाजात सगळीकडे ऐकू जाई. वयाने काकांहून थोड्या लहान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्या शहरात. आवाज असा की घाबरलेला माणूस शांत व्हावा आणि झोपाळलेला जागा. त्यांना सगळे ताई म्हणत, मोठे साहेबसुद्धा, म्हणून आपणही ताईच म्हणू. फक्त फुंकरकाका म्हणत नसत. ते म्हणत, "अहो कंट्रोल." जेवायच्या सुट्टीत समोरासमोर बसले तरी "अहो कंट्रोल, मीठ जरा इकडे." लोकांना वाटे, काका कामात इतके बुडालेत की कॅन्टीनमध्येही लाइनीवरच असतात. लोक भोळे असतात.

माइकवर ताईंचं नाव कंट्रोल आणि काकांचं लाइन. तिथे बोलण्याची एक पद्धत होती, तिला सगळे परतबोल म्हणत. ताईंनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने कळवलेलं ताईंनी परत म्हणायचं. परत म्हटलं नाही तर ते बोलणं झालंच नाही असं धरायचं, आणि कोणी जागचं हलायचं नाही. काका आणि ताई वर्षानुवर्षं एकमेकांची वाक्यं अशी परत म्हणत आले होते. "नायट्रोजन बंद करा." "नायट्रोजन बंद करतो." "लाइन शुद्ध आहे." "लाइन शुद्ध आहे, ऐकलं." बायकोच्या मागे घरात बोलायला माणूस नसताना काकांना दिवसभरात कोणीतरी आपलं म्हणणं नीट ऐकून घेतंय, याचं केवढं सुख वाटायचं. हे सुख म्हणजे नेमकं काय, हे ध्यानात यायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली. आंधळ्या गल्ल्या सगळ्यांच्याच आत असतात.

ध्यानात आलं तेव्हा घोडं भलतीकडेच अडलं. ताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. मुलाने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. तिकडे जाणार का, असं कोणी विचारलं की ताई "बघू" म्हणत आणि विषय बदलत. त्या "बघू"वर काकांनी किती रात्री घालवल्या ते त्यांच्या उशीला माहीत. शेवटी त्यांनी मुलीला सांगितलं. सांगताना ते भिंतीकडे बघत होते. मुलगी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग पुन्हा हसली आणि म्हणाली, विचारा ना बाबा, नाहीतर जन्मभर माझ्याशी "काही नाही" एवढंच बोलाल.

ठरलं. ताईंची शेवटची चाचणी आटोपली की कॅन्टीनच्या मागच्या बाकावर त्यांना गाठायचं आणि सरळ विचारायचं. आता असल्या कामाला डगल्याखालचा जुना, धुऊन धुऊन विटलेला शर्ट बरा दिसेना. काका एकटेच बाजारात गेले. दुकानदाराने निळसर, तुकतुकीत शर्ट पुढ्यात टाकला आणि सांगितलं, झटका आणि घाला, याला इस्त्री लागत नाही. इतर कोणत्याही दिवशी हे ऐकताच काका ताडकन उठले असते. ज्या कापडाला इस्त्री लागत नाही ते कापड सुती नसतं, हे त्यांच्या घरातलं पोरही सांगेल. पण त्या दिवशी काकांनी अक्कल बहुधा घरीच खुंटीला टांगून ठेवली होती. आरशात पाहताना आपण किती वर्षांनी लहान दिसतोय, एवढंच त्यांना दिसलं.

चाचणीचा दिवस उजाडला तो कोरडा आणि कडक थंडीचा. काका डगल्याखाली नवा शर्ट घालून लवकर आले. दारापाशी त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या कॉलरी चाचपल्या आणि एका पाहुण्या इंजिनिअरला मफलर काढायला लावला. स्वतः पितळी पट्टीला हात लावला आणि आत गेले. पट्टीला हात लावला की माणसाच्या अंगातली वीज उतरते; असल्या कापडातली मात्र तिथेच मुक्काम ठोकते.

सकाळभर काकांनी मन लावून लाइन फुंकली, आंधळ्या फाट्यात भरलं-सोडलं, भरलं-सोडलं. बाकी माणसं जाड भिंतींच्या आड गेली. शेडबाहेर हायड्रोजनच्या सिलिंडरांची ओळ होती. तिथला हाताचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि मग स्वतःही भिंतीआड जायचं, एवढं एकच काम काकांच्या वाट्याला उरलं होतं.

लाउडस्पीकरवर ताईंचा आवाज आला. "लाइन, हायड्रोजनचा व्हॉल्व्ह उघडायला तयार राहा."

काकांनी बाही वर सारली. चट्.

आवाज अगदी बारीक होता. मनगटावरचे केस मात्र ताठ उभे राहिले होते आणि निळसर कापड कातडीला चिकटून बसलं होतं. काकांनी हात व्हॉल्व्हपासून दूर घेतला. सगळा प्रकार लख्ख समोर आला: दुकान, दुकानदार, झटका आणि घाला. व्हॉल्व्ह अजून बंद होता. जोडणीतून एवढासा जरी हायड्रोजन निसटत असता तरी एवढी चट् पुरली असती. कदाचित काहीच झालं नसतं. पण या 'कदाचित'शी काकांचं आयुष्यभराचं वैर होतं.

"थांबा," ते गळ्यातल्या माइकमध्ये म्हणाले. त्यांचा आवाजही सगळीकडे ऐकू जाई.

"थांबा, ऐकलं," ताई म्हणाल्या. "सगळे जागच्या जागी. लाइन, कारण सांगा."

या कारण सांगण्यालाही इतिहास होता. पूर्वी एका फिटरच्या हातून लोखंडी पाना वर सांगाड्यात पडला आणि अडकला. लाजेखातर त्याने पोटात कळ आल्याचं सांगून चाचणी थांबवली, पाना शोधला, तो सापडला नाही, आणि गडी गप्प राहिला. चाचणीत सांगाडा हादरला, पाना निसटला, लोखंडावर लोखंड आपटलं, ठिणगी उडाली, निसटलेला हायड्रोजन पेटला, आणि शेडचं पत्र्याचं छप्पर शेजारच्या माळावर जाऊन पडलं. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम झाला: थांबवणाऱ्याने खरं कारण, पूर्ण कारण, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, आणि ऐकणाऱ्यांनी त्याला हसायचं नाही की रागवायचं नाही. हा नियम करायला सगळ्यात जास्त भांडले होते ते फुंकरकाकाच.

"माझ्या अंगावर सुती नसलेला शर्ट आहे," काका म्हणाले.

 मग ताईंनी ते वाक्य शब्दन्‌शब्द परत म्हटलं, आणि लाउडस्पीकरमधून ते पुन्हा शेडवर, कॅन्टीनवर, गेटवर पसरलं. भिंतीआड पाहुणा इंजिनिअर आपल्या उघड्या गळ्याला हात लावून बघत राहिला. फुंकरकाकांच्या अंगावर खोटं कापड म्हणजे सूर्याने सुट्टी घेतल्यासारखंच. पण कोणी हसलं नाही.

पुढचा प्रश्न नियमातच होता: चूक कशी झाली, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होऊ नये. ताईंनी विचारला. काकांनी सांगितलं, शर्ट नवा आहे, घेताना कापड पाहिलं नाही.

"कारण अपूर्ण आहे," ताई म्हणाल्या. आवाज होता नेहमीचाच, शांत. "कापड न पाहता तुम्ही रुमालसुद्धा घेत नाही. का पाहिलं नाही?"

 मुलीने भेट दिला, असं सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. कोणाला कळलंही नसतं. फिटरलाही असंच वाटलं असेल. काकांनी समोरच्या छपराकडे पाहिलं, ते नवं छप्पर होतं. नकार आला तर सगळ्यांच्या देखत येणार आणि उद्यापासून याच लोकांच्या कॉलरी धरायच्या, हा विचार मनात आला. ताईंची पंचाईत होईल, हा विचार त्याहून जड होता. पण खोटं कारण त्यांच्या तोंडून निघेना. 

"चाचणी झाल्यावर मला एक गोष्ट विचारायची होती," ते म्हणाले. "माझ्याशी लग्न कराल का, असं कंट्रोलला विचारायचं होतं. त्यासाठी शर्ट घेतला. त्या भरात कापड पाहायचं राहिलं. कारण पूर्ण."

आता परतबोल ताईंचा होता.

 भिंतीआड माणसं ओठ चावून, डोळे मिटून उभी होती. पंपाची तरुण इंजिनिअर दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली. कंट्रोल रूममध्ये मोठे साहेब छताकडे पाहत होते. नियम म्हणजे नियम, हसायचं नाही.

मग लाउडस्पीकर खरखरला. "थांबण्याचं कारण," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी काहीही गाळलं नाही. "लाइनवरच्यांना चाचणीनंतर कंट्रोलला विचारायचं होतं, माझ्याशी लग्न कराल का. त्यासाठी शर्ट घेतला. त्या भरात कापड पाहायचं राहिलं. कारण पूर्ण, ऐकलं." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "शर्ट बदला. नंतर चाचणी पुढे चालू."

एवढंच! ना हो, ना नाही. काकांना कळेना, हसावं की रडावं. मुकाट्याने ते गेटवर गेले. पहारेकऱ्याने आपला जादा सुती शर्ट काढून दिला. तो काकांना इतका मोठा होता की आत आणखी एक काका मावले असते. काकांनी तो चढवल्यावर पहारेकऱ्याने फक्त त्यांची कॉलर दोन बोटांत धरून कापड चाचपून पाहिलं आणि मान डोलावली.

काकांनी लाइन पहिल्यापासून पुन्हा फुंकली. मध्ये इतका वेळ गेल्यावर जुन्या आकड्यावर ते विसंबणार नव्हते. मग व्हॉल्व्ह उघडला, भिंतीआड गेले, पंप गरगरत उठला, त्याच्या आवाजाने जमीन थरथरली, आणि ठरल्या वेळी सगळं पुन्हा शांत झालं. काही झालं नाही. काकांनी नायट्रोजन सोडला, हायड्रोजन हुसकला, आणि लाइन निवल्यावर झाडू घेऊन फेरीला निघाले. ढगळ शर्टाच्या बाह्या डगल्यातून बाहेर लोंबत होत्या. पाय रोजच्याप्रमाणे हळू पडत होते, पण कान लाउडस्पीकरकडे लागले होते. झाडू पेटला नाही.

"लाइन शुद्ध आहे," त्यांनी कळवलं.

"लाइन शुद्ध आहे, ऐकलं," ताई म्हणाल्या. इथे चाचणी संपल्याची घोषणा व्हायची. ती झाली नाही. "लाइनसाठी निरोप आहे. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही ताई म्हणाला नाहीत, ते माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. मी मुलाकडे चार दिवस जाऊन येईन, राहायला जाणार नाही. विचारलंत त्याला माझा होकार आहे. आज संध्याकाळी माझ्या घरी या, सुती शर्ट घालून. परत म्हणा."

काकांनी माइकचं बटण दाबलं. तोंड उघडलं. जन्मभर ज्यांनी एक वाक्य परत म्हणायचं चुकवलं नाही, त्यांच्या गळ्यातून आवाज फुटेना. नुसता श्वास ऐकू गेला.

"ऐकू आलं नाही," लाउडस्पीकर म्हणाला, आणि या वेळी तो शांत आवाजही जरा हलला. "परत म्हणा."

"होकार आहे," काका म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि झाडू हातातच होता. "संध्याकाळी तुमच्या घरी येतो. सुती शर्ट घालून."

"ऐकलं. चाचणी संपली."

चाचणी संपली म्हणजे नियमही संपला. भिंतीआडून, कॅन्टीनमधून, गेटवरून असा काही हशा आणि टाळ्यांचा गलका उठला की नवं छप्पर पुन्हा माळावर जातंय की काय असं वाटावं. मोठ्या साहेबांनी ताईंच्या खुर्चीची पाठ थोपटली, खांदा थोपटायचा धीर त्यांना झाला नाही.

संध्याकाळी काका आधी आपल्या घरी आले ते जवळजवळ धावतच. मुलगी जिन्यातच उभी होती. वडिलांच्या अंगावर पहारेकऱ्याचा तंबूएवढा शर्ट आणि काखेत कागदात गुंडाळलेला निळा शर्ट पाहून तिच्या काही लक्षात येईना. विचारायचं होतं वेगळंच, पण सवयीने तोंडातून तेच आलं.

"काय झालं आज?"

"काही नाही," काका सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की मुलीने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"इस्त्री गरम कर," ते म्हणाले.